वाढलेली ताटली

या मित्रांनो, या. आणखी थोडं जवळ या. वरच्या काचांमध्ये बघू नका. तिथं तलवारी आहेत, अत्तरदाण्या आहेत, त्यांना बघणारे पुष्कळ. मी खाली आहे, दाराशेजारच्या शेवटच्या फळीवर. गुडघे टेकून बसलात तरच आपली नजरानजर होईल. बसलात? मग आता चित्त इकडे द्या, मी तुम्हाला एक कथा सांगते. समोरच्या मठात कीर्तनाला उभे राहणारे बुवा म्हणतात, कथेला बसताना माणसानं आपली झोळी रिकामी करून बसावं. मी तर आता सगळीच रिकामी आहे. कशी झाले, तेच सांगायचं आहे.

मी एक जुनी मातीची ताटली आहे. तुमच्या दोन तळव्यांत मावेन एवढी. माझ्या काठावर एका बाजूला पक्ष्याचं डोकं आहे, ते धरून मला उचलायचं. समोरच्या बाजूला दोन छोटी टोकं आहेत, शेपटीसारखी. पोटात तांबड्या रंगावर काळ्या मासोळ्या काढल्या आहेत. माझा जन्म इथला नाही. सात समुद्र ओलांडून, उंच उंच डोंगरांचा एक देश आहे, पेरू नावाचा. नाव ऐकून हसलात ना? आमचा पहारेकरी रुद्रप्पाही हसला होता. म्हणाला होता, "पेरूची ताटली व्हय? मग तिखटमीठ लावलेल्या फोडी कुटं हायत?"

त्या देशात फार पूर्वी इंका नावाच्या लोकांचं राज्य होतं. त्यांच्या एका खेड्यात एका बाईनं मला घडवलं. तिच्याकडे चाक नव्हतं. तुमच्या कुंभाराचं चाक गरगर फिरतं आणि मडकं आपोआप वर येतं म्हणे. मला मात्र तिनं मातीच्या वळ्या हातानं वळून, एकावर एक लावून, गुळगुळीत गोट्यानं घासून घासून आकार दिला. एवढा वेळ एखाद्या माणसाचा हात अंगावरून फिरला, की ती माया मातीत मुरते. अजून आहे ती माझ्यात.

आणि मी एकटी नव्हते. तिकडे अशा ताटल्या जोडीनं घडवत. एकाच मातीच्या गोळ्यातून दोन. एक आपली, एक आपल्यासोबत जेवणाऱ्याची. माझी जुळी बहीण त्या बाईची होती आणि मी तिच्या नवऱ्याची. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसत. आधी त्याच्या ताटलीत वाढायचं, मग स्वतःच्या, आणि मग दोघांनी मिळून पहिला घास घ्यायचा. मित्रांनो, मी फार देश पाहिले नाहीत, पण एवढं सांगते, देव कुठं उतरत असेल तर असल्या दोन ताटल्यांच्या मधल्या जागेत उतरत असेल.

एके दिवशी नवऱ्याला राजाच्या कामावर बोलावणं आलं. डोंगरात रस्ता बांधायचा होता. तो गेला. परतायचा दिवस आला तेव्हा तिनं मका शिजवला, बटाटे उकडले, वरून मिरची घातली. मला वाढून ठेवलं. बहिणीतही वाढलं, पण तिला हात लावला नाही. तो आला नाही. अंधार पडला, ती तशीच बसून राहिली. आणि पहाटेआधी धरणी हलली. त्या देशात धरणी फार हलते. छप्पर आणि भिंत एकदम खाली आली, आणि मी वाढलेल्या घासासकट मातीखाली गेले.

पुढे काय सांगू? वर राज्यं बदलली, माणसं बदलली, मला काही कळलं नाही. मातीच्या आत एकच गोष्ट मी धरून बसले होते. माझ्यात वाढलेलं आहे आणि जेवणारा यायचा आहे. घास वाळला, काळा पडला, माझ्या मासोळ्यांना चिकटून त्याचा पापुद्रा झाला. पण मी तो सोडला नाही. कशी सोडणार? तो माझा नव्हताच. तो दुसऱ्याच्या नावाचा होता.

मग कितीतरी शतकांनी एका शेतकऱ्याची कुदळ वर खणकन् वाजली. ती माझ्या बहिणीला लागली. तिच्या ठिकऱ्या झाल्या, आणि तिच्या आडोशानं मी वाचले.

त्या दिवसांत आपल्या सोलापूरचा एक माणूस तिकडे होता. मल्लिनाथ त्याचं नाव. मागाचा मोठा कारागीर, तिकडच्या एका गिरणीत माग बसवायला गेला होता. त्या शेतकऱ्याच्या घरी त्याचं जाणंयेणं होतं. निघायच्या दिवशी शेतकऱ्यानं मला त्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "हिला धुऊ नकोस. ही कुणासाठी तरी वाढलेली आहे."

मल्लिनाथानं शब्द पाळला. मला सोलापुरी चादरीत गुंडाळून आणलं, कपाटात जपलं, आणि म्हातारपणी भवानी पेठेतल्या या छोट्या संग्रहालयात आणून दिलं. इथलं सगळं बघणारे चिंतामणी सर तेव्हा तरुण होते. त्यांना त्यानं सगळी हकिकत सांगितली. सरांनी मला छान जागा दिली. खिडकीसमोर, डोळ्यांच्या उंचीला, काचेच्या पेटीत. त्या खिडकीतून समोरच्या मठातलं कीर्तन ऐकू येई. टाळ, पेटी, बुवांचा भरून आलेला आवाज. तुमची भाषा मी तिथूनच शिकले. पुस्तकातली नाही, गळ्यातली.

आता जिच्यासाठी ही कथा मांडली, ती येते आहे. तिचं नाव दाक्षायणी.

ती इथं झाडलोट करायची, काचा पुसायची. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि खांद्यावर कायम एक ओलं फडकं. हसायची मोठ्यानं. रुद्रप्पा तिला अक्का म्हणे आणि दिवसभर तिची खोडी काढी.

"अक्का, त्या तलवारीला पुसताना जपून बरं का. न्हायतर राजा यील मागायला."

"येऊ दे की! आल्यावर तुझ्याकडंच पाठवते. दिवसभर खुर्चीत झोपतोस, तेवढंच काम."

पण माझ्यासमोर आली की तिचं हसू थांबायचं. कारण सर पाहुण्यांना माझी हकिकत सांगत, ती तिनं झाडता झाडता कितीदा तरी ऐकली होती. "ही नुसती ताटली नाही," सर म्हणत, "ही वाढलेली ताटली आहे. हा काळा पापुद्रा दिसतो ना, ते जेवण आहे. जेवणारा आलाच नाही." त्या वाक्याला दाक्षायणीच्या हातातला झाडू दर वेळी थांबत असे.

का थांबे, ते मला एका दुपारी कळलं. खोलीत कुणी नव्हतं. काच पुसता पुसता ती माझ्याशीच बोलायला लागली.

"आमचे मालक बी असेच गेले बघ," ती म्हणाली. मालक म्हणजे तिचा नवरा, शरणबसव. टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. "लाइट गेलती. म्हणून घरी जेवायला आले. मी वाढलं, भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. दोन घास खाल्ले न खाल्ले तवर लाइट आली. माग सुरू झाल्याचा आवाज आला, की उठले. म्हटलं, आवो, ताटावरनं उठू नका. म्हणले, झाकून ठिव, आलोच. मागापाशीच पडले. छातीत कळ." तिनं फडकं पुन्हा काचेवर फिरवलं. "झाकून ठेवलेलं ताट तसंच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायकांनी ते गाईला घातलं. मला इचारलं बी न्हाय. मी खायला पायजे होतं ते. त्यांच्या नावाचं होतं, माझ्या हातचं होतं. गाईचं काय होतं त्यात?"

मित्रांनो, तिच्या घरची रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्यात जेवणाला प्रसाद मानतात. ताटात कण ठेवायचा नाही. जेवून झालं की ताटात थोडं पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. अन्न मोरीत सांडणं म्हणजे देवाच्या हातातलं हिसकावून चिखलात टाकणं. ती लहानपणापासून हेच करत आली होती. आपण श्वास घेतो, तितक्या सहज.

त्या वर्षी संग्रहालयावर वाईट दिवस आले. विश्वस्त म्हणायला लागले, परदेशी भांड्यांची ही खोली कशाला हवी, कुणी बघत नाही, बंद करून टाकू. सरांचा जीव माझ्यात होता. त्यांनी पुण्याच्या एका संशोधक बाईंना फोन केला, माझा फोटो पाठवला. सई त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, त्या पापुद्र्याचा बारीकसा तुकडा तपासता आला, तर ताटली किती जुनी, त्यात काय शिजवलं होतं, सगळं कळेल. मग ही ताटली जगाला माहीत होईल. त्या येणार असं ठरलं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारणार होतं, ताटले, तुझ्यात काय वाढलं होतं ग? त्या बाईनं शिजवलेल्या मक्याचं नाव कुणीतरी घेणार होतं. माझ्याजवळ तिची एवढीच खूण उरली होती.

सरांनी दाक्षायणीला आदल्या दिवशी सांगितलं, "बाई, उद्या पुण्याहून पाहुण्या येणार आहेत. खास या ताटलीसाठी. खोली लख्ख करून ठेवा. पेटीची किल्ली रुद्रप्पाकडे आहे, काच आतूनही पुसून घ्या."

एवढंच बोलले. मल्लिनाथानं सांगितलेलं ते एक वाक्य, हिला धुऊ नका, ते सरांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसऱ्याला ते सांगावं लागतं हेच ते विसरले.

सकाळी दाक्षायणी लवकर आली. फरशी पुसली, काचा पुसल्या. मग पेटी उघडून मला बाहेर काढलं, आणि पाहुणीसमोर ठेवायच्या ताटलीकडे घरच्या बाईनं बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. पाहुणीपुढं अशी खरकटी ताटली ठेवायची कशी, एवढंच त्या घाईत तिच्या मनात आलं असावं.

"रुद्रप्पा, चहाच्या पाण्यातलं जरा गरम पाणी दे की."

"कशाला? चहा करतीस व्हय? साखर जास्त टाक."

"तुला न्हाय. हिला."

तिनं ते गरम पाणी माझ्यात ओतलं. मित्रांनो, मी काय करणार? मला तोंड आहे ते पक्ष्याचं, आणि ते मातीचं. पापुद्रा भिजला, फुगला, सुटायला लागला. तिचं बोट हलकेच फिरलं. शेवटी माझ्या मासोळ्या उघड्या पडल्या, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं पाण्यात उतरलं.

आणि तेव्हा ती दचकली. पाणी गढूळ झालं होतं, तपकिरी, वर कण तरंगत होते. ती मला घेऊन मोरीपर्यंत गेली. मला तिरकं केलं. आणि तशीच थांबली.

"शिवा, शिवा," ती पुटपुटली. "हे तर वाढलेलं हाय. हे सांडू कसं?"

 माझ्या काठावर पाणी आलं होतं, एक थेंब खाली पडायच्या बेतात होता. तिनं मला पुन्हा सरळ केलं. पदर डोक्यावर घेतला. गळ्यातल्या लिंगाला हात लावला. आणि डोळे मिटून ते पाणी प्यायली. मग पुन्हा थोडं पाणी घातलं, बोट फिरवलं आणि तेही प्यायली. माझ्यात कण राहिला नाही.

दुपारी सईबाई आल्या. हातमोजे घातले, भिंग काढलं, माझ्यावर वाकल्या.

"सर, फोटोत इथं थर होता ना?"

सर पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दाक्षायणीबाई! ताटली कुणी धुतली?"

"मीच की, सर. गरम पाण्यानं. सोडा-बिडा कायबी लावला न्हाय."

सईबाई घाईनं म्हणाल्या, "मावशी, ते पाणी कुठं आहे? बादलीत असेल तरी चालेल. कुठं टाकलंत?"

"टाकलं न्हाय."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. सर जवळजवळ हसले. "मग आणा की इकडे!"

दाक्षायणीला काय चुकलंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "पिले मी ते."

दारातल्या रुद्रप्पाला हसू फुटलं, पण सरांचं तोंड बघून अर्ध्यात विरलं.

"वाढलेलं हाय म्हणत होता ना तुमी," दाक्षायणी म्हणाली. "रोज म्हणत होता. वाढलेलं मोरीत कसं सांडायचं, सर?"

सर खुर्चीत बसले. ते वाईट माणूस नव्हेत. पण माणसाच्या तोंडून दुःखात जे निघतं ते परत घेता येत नाही. "बाई," ते म्हणाले, "इतकी शतकं टिकलं होतं ते. जगात कुणाकडे नव्हतं. तुम्ही एका घोटात संपवलंत."

 तिनं खांद्यावरचं ओलं फडकं काढलं, घडी घातली आणि खिडकीत ठेवलं. सईबाई तिच्यामागं दारापर्यंत गेल्या, "मावशी, अहो मावशी," म्हणाल्या. पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. विश्वस्तांनीही तिला बोलावू नका म्हणून सांगितलं. खोली बंद झाली. तलवारी या पुढच्या दालनात वरच्या काचांत आल्या, आणि मी त्यांच्याखाली, या शेवटच्या फळीवर. माझ्यासमोरच्या पाटीवर आता फक्त 'मातीची ताटली' एवढंच लिहिलेलं आहे.

खरं सांगते, आधी मीही तिच्यावर रुसले होते. वाटलं, माझं एकच धन होतं, तेही गेलं. मी आतून इतकी हलकी झाले होते, की ते हलकेपण मला सोसवेना.

मग श्रावणात एका सोमवारी ती आली. इतर माणसांसारखी, बघायला. वाळली होती. कपाळावरची विभूती तेवढी जागच्या जागी होती. समोर मठात कीर्तन रंगात आलं होतं, दारातून टाळ ऐकू येत होते. तुम्ही बसलात ना, तिथंच ती गुडघे टेकून बसली आणि तिनं हात जोडले.

"माफ कर ग, बाई. ज्याचं होतं त्याला मिळालं न्हाय. मी मदीच खाल्लं. आता घास घेतला की तेच येतं मनात. घशाखाली उतरत न्हाय."

मित्रांनो, तेव्हा मला उमगलं. मी कुणाची वाट बघत होते? जो पदर सावरून, हात जोडून, देवाचं नाव घेऊन बसेल, आणि एक कणही सांडणार नाही, अशाची. माझ्यात वाढलेलं वाया जाऊ नये, एवढंच त्या डोंगरातल्या बाईला हवं होतं. तपासायला येणाऱ्यांनी मला वाचलं असतं, आणि वाचलं असतं तर तेही चांगलंच झालं असतं. पण जेवलं कोण असतं? जेवली ती दाक्षायणी. जिच्या नवऱ्याचं झाकलेलं ताट कुणी तिला दिलं नाही, तिनं दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं ताट सांभाळलं. इतक्या दूर, इतक्या उशिरा, पण पंगत पुरी झाली.

हे मी तिला सांगायला हवं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी मातीची, मुकी, तिच्यासमोर नुसती पडून होते. समोर बुवांनी आरती सुरू केली. ती उठली, पदरानं डोळे पुसले, आणि जाताना सवयीनं माझ्या काचेवरचा एक डाग पुसून गेली.

थंडी पडायला लागली तेव्हा रुद्रप्पानं सरांना येऊन सांगितलं. दारातच उभा होता, टोपी हातात.

"सर, अक्का वारली. वैराग गावात, भावाच्या घरी. जेवणच सोडलंतं म्हणं तिनं."

 सर म्हणाले, "धुऊ नका, असं मी तिला एकदा तरी सांगायला पाहिजे होतं रे."

"व्हय की, सर," रुद्रप्पा म्हणाला. "एकदा सांगितलं असतंत, तर तिनं जीव दिला असता पर हात लावला नसता."

माझी कथा एवढीच. जुन्या वस्तूंना जपा, मित्रांनो, त्यांच्या अंगावर कुणाचे हात फिरलेले असतात. पण त्याहून एक मागणं आहे. ज्याच्या हाती एखादी वस्तू सोपवाल, त्याला तिची गोष्ट पुरी सांगा. अर्धीच सांगितली तर माया करणारा माणूसच दोषी ठरतो, आणि माया करणारं माणूस एकदा दुखावलं की ते परत येत नाही.

आता जा. बाहेर सांज झाली असेल, घरी पानं वाढली असतील. तुम्ही जेवाल, आणि उठण्याआधी शेवटचा घास उचलाल. त्या वेळी क्षणभर थांबा आणि दाक्षायणीचं नाव घ्या. मोठ्यानं नाही घेतलं तरी चालेल. मनातल्या मनात तिला म्हणा, अक्का, ताटली रिकामी झाली ते बरं झालं. जेवणारं माणूस आलं होतं.

मला ते तिला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.